कामठीच्या ओट्यावर माझा आवाज

नागपूरहून परत आले त्या दिवशी ऑफिसात चौघांनी विचारलं, "संत्राबर्फी कुठाय?" आणि चौघांवरही मी खेकसले. त्यांचा काही दोष नव्हता. नागपूरला गेलेलं माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही, ही पुण्यातली साधी अपेक्षा. पण शेवटच्या दिवशी दुकानाची पायरी चढायची माझी इच्छाच राहिली नव्हती. त्या पाच दिवसांत काय झालं ते आता घरी बसून लिहिते आहे, आणि लिहितानासुद्धा डोकं तापलेलंच आहे.

मी एका छोट्या संस्थेसाठी मजकूर लिहिते. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या आरोग्यासाठी मोबाईलवरून काय करता येईल, ते ठरवणं हे आमचं काम. रील, चित्रं, प्रश्नोत्तरं असलं सगळं. त्याआधी बरीच वर्षं रेडिओवर आरोग्याचे कार्यक्रम केले, त्यामुळे आमच्याकडे आवाजही माझाच वापरतात. नागपूर आणि आसपासच्या काही शाळांत आम्ही मुलींसाठी एक नंबर सुरू केला होता. पोस्टरवर लिहिलं होतं: "मनातलं विचार. ताई उत्तर देईल. कोणालाही कळणार नाही." शेवटचं वाक्य माझं. आमचा प्रमुख रोहन त्या वाक्यावर एवढा खूश झाला होता, की त्याने सगळ्यांना चहा पाजला होता.

प्रश्न लिहून आला, की मी उत्तर बोलून पाठवायची. मुलींना वाचायचा कंटाळा, आवाज आपलासा वाटतो, हे आमचं तर्कशास्त्र. उत्तर एका लिंकमधून ऐकायचं, म्हणजे किती वेळा ऐकलं गेलं ते आम्हाला इथे बसून मोजता येईल. आणि प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला प्रश्न पुन्हा सांगायचा. हा माझा रेडिओचा शिरस्ता. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपलं नीट ऐकून घेतलंय. या शिरस्त्याचा मला अभिमान होता.

सोमवार, सीताबर्डी

सप्टेंबरातलं नागपूर म्हणजे घामाची आंघोळ. पुण्यात आम्ही पंख्याखाली बसून "काय उकडतंय" म्हणतो, त्या म्हणण्याची मला पहिल्याच तासात लाज वाटली. मेश्रामताई मला घ्यायला हॉटेलवर आल्या. पन्नाशीच्या, कामठीच्या, वीस वर्षं आरोग्याचं काम करणाऱ्या. आमच्यासाठी शाळांतून फिरायचं काम त्यांच्याकडे होतं. फोनवर त्या तासभर बोलायच्या. समोर मात्र गप्प होत्या.

"आधी खाऊन घ्या जी," एवढंच म्हणाल्या आणि एका गाडीवर घेऊन गेल्या. तर्रीपोहे. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू येतं, इथे हरभऱ्याची लालभडक तर्री पडते. मी पुणेरी ऐटीत म्हटलं, "अजून घाला." तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, चौथ्या घासाला तर्री पांढऱ्या कुर्त्यावर. मग व्हरायटी चौकाजवळच्या दुकानांत नवा कुर्ता शोधणं आलं. दुकानदार हिंदीत बोलतो, मी मराठीत, तो मधेच मराठीत येतो तेव्हा मी हिंदीत गेलेली असते. मेश्रामताई एरवी हसल्या असत्या.

"पोस्टरचं कसं काय चाललंय?" मी दोनदा विचारलं.

"चालून राहिलं जी," त्या दोन्ही वेळा म्हणाल्या आणि कुर्त्याची शिवण तपासत राहिल्या. मला वाटलं, उन्हाने थकल्या असतील.

मंगळवार, जरीपटका

जरीपटक्याच्या बाजारातून शाळेत जाताना माझा मूड झकास होता. दुकानांच्या पाट्या, गाड्यांवरच्या सिंधी दाल पकवानचा वास, स्कूटरवर तिघीतिघी मुली. वर्गात तीस मुली होत्या, नववी-दहावीच्या. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "स्वतःचा मोबाईल कोणाकोणाकडे आहे?"

दोन हात वर झाले. त्यातला एक अर्धाच.

"मग आमच्या नंबरवर प्रश्न कुठून पाठवता?"

हे विचारायला मला कामाच्या आठव्या महिन्यात नागपूरला यावं लागलं. मुलींनी मला समजावून सांगितलं, अगदी सबुरीने. मोबाईल आईचा. आईचा म्हणजे बाबांचा जुना. बाबा कामावरून आले की तो बाबांचा. दादाचं खातं त्यातच, काकूचे फोटो त्यातच. मेसेज आला की जो जवळ असेल तो उघडतो. कोणी चोरून वाचत नाही, उघडणं हेच रीतीचं. "आमच्या घरी तर मेसेज आला का आईच म्हणते, वाच वं मोठ्यानं," एक मुलगी म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

माझ्या मुलीच्या फोनला कुलूप आहे आणि ते उघडायला गेले तर ती घर डोक्यावर घेते. मी ते कुलूप सगळ्या महाराष्ट्राच्या घरांना लावून मोकळी झाले होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, तो आवाज तुमचाच ना?"

"हो, माझाच," मी हसून म्हटलं. कौतुक येणार असं वाटलं होतं.

"कामठीले माझी आत्या राहते. तिच्या गल्लीत वाजला होता तो. ज्या पोरीचा प्रश्न होता, तिची पुरी बदनामी झाली तिथं."

मी मेश्रामताईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

वर्ग संपताना त्याच मुलीने मला आणखी एक गोष्ट सुनावली. "घरच्याच फोनवर पाठवायचं असन तर आईबाबासाठीच पाठवा ना. पोरीनं असं सांगितलं तर काय करायचं, ते त्यायले सांगा. आमाले काहून फसवता?" आठ महिने आम्ही पाच जण फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत होतो, आणि हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.

बाहेर बाकावर बसून मेश्रामताईंनी सगळं सांगितलं. कामठीची पल्लवी, दहावीतली. पाळी सुरू होऊन अठरा दिवस झाले तरी थांबेना, चक्कर येते, आईला सांगायला भीती वाटते, असं तिने आमच्या नंबरवर विचारलं होतं. मला तो प्रश्न आठवला. उत्तर मी त्याच दिवशी पाठवलं होतं, आणि चांगलं पाठवलं म्हणून स्वतःवर खूशही होते.

"तिचे बाबा यंत्रमागावर आहेत," मेश्रामताई म्हणाल्या. "मागाच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, म्हणून तिथं साऱ्यायचेच फोन फुल आवाजावर राहतात. त्या दिवशी लाइन गेली होती. माग बंद. पुरी माणसं बाहेर ओट्यावर बसली होती. त्यायले वाटलं, शाळेतून आलं काही. दाबलं त्यायनं."

"मग?"

"मग काय जी. तुमी आधी पल्लवी म्हणून हाक मारली. मंग पुरा प्रश्न सांगितला."

तिने प्रश्नाखाली नाव लिहिलं होतं, म्हणून मी नावाने हाक मारली होती. प्रेमाने. अठरा दिवस, रक्त, चक्कर, सगळं त्या ओट्यावर माझ्या स्वच्छ रेडिओच्या आवाजात वाजलं होतं. बंद कसं करायचं ते बाबांना घाईत सापडलं नाही. नंतर गल्लीतल्या कोणीतरी ती लिंक पुढे पाठवली, काहींनी तो आवाज फोनात उतरवूनही घेतला.

"हे कधीचं?"

"पंधरा दिवस झाले. मी तर रोहनसरांले त्याच दिवशी फोन केला होता. ते म्हणे का ताईले मी सांगतो. तुमी आल्या तरी काही बोलल्या नाही, तर मले वाटलं का तुमाले काही वाटलंच नाही."

मी तिथल्या तिथे रोहनला फोन लावला. तो शांत. त्याची ती शांतता मला कधीच सहन होत नाही. "तुला उगाच टेन्शन नको म्हणून बोललो नाही. आणि एक सांगू? कामठीचं ते उत्तर आपल्याकडे सगळ्यांत जास्त ऐकलं गेलंय. रीच जबरदस्त आहे."

मी त्याला जे बोलले ते इथे छापता येणार नाही. बाकावरची एक आजी उठून लांब जाऊन बसली. मग मी शाळेत परत गेले आणि भिंतीवरची आमची पोस्टरं टराटरा फाडली. मेश्रामताईंनी दुसऱ्या बाजूने फाडली. शिपाई विचारायला आला, आमचे चेहरे पाहून परत गेला.

बुधवार, कामठी

ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रोने, तिथून पुढे शेअर ऑटो. ऑटोत सात जण. माझ्या मांडीवर कोणाची तरी भाजीची पिशवी. छावणीचा भाग मागे पडला, रस्ते अरुंद झाले आणि मागांचा आवाज सुरू झाला. तो आवाज आधी पायांना कळतो. खटाखट, खटाखट, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये, मधे श्वास घ्यायला जागा नाही.

पल्लवीचं घर शेडला लागूनच. दोन खोल्या, लख्ख पुसलेली फरशी, भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याखाली पल्लवीची शाळेतली बक्षिसं ओळीने मांडलेली. तिच्या आईने, सुनंदाताईंनी, पाणी दिलं. मी कोण ते कळल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तरीही चहा टाकला. पुण्यात मी असल्या बाईला दारातून हाकललं असतं.

"डॉक्टरकडे नेलं का तिला?"

"नाही जी."

"पंधरा दिवस झाले! आधीचे अठरा!"

"मधात थांबलं होतं, मंग पुन्हा सुरू झालं. यायनं बोलणंच सोडलं घरात. मी एकटी कशी नेऊ? गल्लीतून निघालं का बाया दारात येऊन उभ्या राहतात. विचारतात, थांबलं का पोरीचं? पोरगी शाळेतबी जाऊन नाही राहिली."

आतल्या खोलीतून पल्लवी बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून नुसते पाय दिसत होते, पांढरेफटक.

मला संताप आवरेना. त्या गल्लीचा, त्या बायांचा, त्या बापाचा. मी तडक शेडमध्ये शिरले. चार माग चालू होते. दोन मागांवर पल्लवीचे बाबा, किडकिडीत, कपाळावर कापसाची धूळ. मी ओरडून सांगितलं की पोरीच्या जिवाशी खेळू नका, तिला उद्याच्या उद्या दवाखान्यात आणा, अबोला कसला धरताय, बाप आहात ना! निम्मं मागांनी खाल्लं असेल. त्यांनी तुटलेला धागा जोडला, माग पुन्हा सुरू केला आणि माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले, "तुमाले पोरगी आहे का मॅडम?"

"आहे. याच वयाची."

"तिचं असं वाजवलं असतं का तुमी चार लोकांत?"

एवढं बोलून ते मागाकडे वळले. परतीच्या ऑटोत मेश्रामताई म्हणाल्या, "रागीट नाही जी तो माणूस. त्यानंच दाबलं होतं ना बटन. तेच खाऊन राहिलं त्याले."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पोरीच्या बाजूने भांडत होते, आणि बापाचं बोट त्या बटणावर मीच ठेवलं होतं.

गुरुवार, दवाखाना

मेश्रामताईंनी कामठीतल्याच एका डॉक्टरबाईंची वेळ घेऊन सुनंदाताईंना कळवून ठेवली होती. दहाची. आम्ही साडेनऊपासून दाराशी. साडेदहा झाले, अकरा झाले. मी येरझाऱ्या घालत होते आणि मनातल्या मनात त्या बापाला शिव्या घालत होते. सव्वाअकराला ते सायकल हातात धरून चालत आले. पल्लवी मागे कॅरियरवर, तोंडाला ओढणी. सुनंदाताई बाजूने पायी. चढावर पोरीला चालवेना म्हणून त्यांनी तिला बसवून सायकल ढकलत आणली होती. त्यासाठी त्यांना दिवसाचा खाडा करावा लागला होता.

डॉक्टरबाई फटकळ होत्या. पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली, रक्त तपासायला दिलं, आणि म्हणाल्या, "अंगात रक्त उरलंय का हिच्या? या वयात पाळीचं असं होतं कधीकधी, औषधाने बरंही होतं. पण इतके दिवस काय करून राहिले होते तुम्ही?"

बाबांनी तपासणीची चिठ्ठी उचलून खिशात घातली.

"आमच्यामुळे उशीर झाला," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आवाज ऐकला होता मी. माझ्या कंपाउंडरच्या फोनवर होता. उत्तर बरोबर दिलं होतं तुम्ही," असं म्हणून त्यांनी औषधं लिहायला घेतली. त्या शाबासकीने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई औषधांच्या रांगेत होती तेव्हा पल्लवी माझ्या शेजारी येऊन बसली. पहिल्यांदा चेहरा दिसला. मोठे डोळे, ओठ सुकलेले, आणि माझी अजिबात भीती नसलेली. मी तिला म्हटलं की मला माफ कर, चूक झाली, नंबर बंद केलाय, ते उत्तरही काढून टाकलंय.

"फोनात राहिलंच ना लोकायच्या," ती म्हणाली. "कोपऱ्यावरची पोरं माझ्या मागून तुमच्यासारखा आवाज काढतात. पल्लवी, तुझा प्रश्न असा आहे."

मी पुन्हा माफी मागायला लागले.

"मले माफी नको मॅडम. इथं बाकावर हळूच सांगून काय होते? ते सगळ्यायसमोर वाजलं. तुमी बी सगळ्यायसमोर बोला. उद्या दहा वाजता, शाळेच्या वेळेले. ओट्यावर. मंग मी जाईन शाळेत."

"तुला चालेल? पुन्हा सगळा विषय निघेल."

"निघूनच राहिला जी रोज. एक दिवस तुमी काढा."

संध्याकाळी रोहनचा फोन आला. मी ओट्यावर बोलणार हे त्याला मेश्रामताईंकडून कळलं होतं. तो म्हणाला, संस्थेची चूक आहे असं तोंडाने कबूल करू नकोस, उद्या कोणी तक्रारीचा कागद पुढे केला तर आपण अडकू, तू सरळ गाडीत बस. आणि हो, पोरगी बरी झाली की तिची परवानगी घेऊन एक छोटी गोष्ट करू आपल्या अहवालासाठी. मी फोन कापला आणि हॉटेलच्या मोरीत तोंड धुतलं. मग जाळ तिखट सावजी मटण मागवलं, कारण रडण्यासाठी मला एखादं दाखवण्याजोगं कारण हवं होतं.

शुक्रवार, पुन्हा कामठी

पावणेदहाला ओट्यावर पोहोचले. वीस वर्षं माईकसमोर बोलले आहे, तरी पहिलं वाक्य तळहातावर लिहून आणलं होतं. कोपऱ्यावर चार-पाच पोरं मोबाईलात डोकं घालून. समोरच्या दारांत बाया, हातात परात, सूप, काहीतरी निमित्त. शेडचं दार उघडं, आत चारही माग धडधडत. मेश्रामताई माझ्या मागे उभ्या. घराच्या उंबऱ्यात पल्लवी, शाळेच्या कपड्यांत, पाठीला दप्तर.

मी बोलायला लागले. "त्या दिवशी इथे जो आवाज वाजला, तो माझा." मागांच्या खडखडाटात मला माझंच ऐकू येईना. कोपऱ्यावरचा एक पोरगा कानामागे हात धरून "क्या बोले?" करत हसला. मी आणखी जोरात ओरडले. घसा फाटला. एका बाईने शेजारणीला खूण करून विचारलं, काय म्हणते?

शेडमध्ये खटका पडल्याचा आवाज झाला. एक माग थांबला. मग दुसरा. पल्लवीचे बाबा दारात आले. ज्याचे दोन माग अजून चालू होते, त्या माणसाला त्यांनी आतल्या बाजूला वळून काहीतरी सांगितलं. तो क्षणभर कुरकुरला. मग तेही थांबले. थांबलेल्या मागाचे पैसे कोणी देत नाही.

"आता बोला," ते मला म्हणाले.

मी बोलले. फार काही चांगलं बोलले नाही. म्हटलं, की या मुलीने विश्वासाने विचारलं होतं. कोणालाही कळणार नाही असं लिहून आम्ही तिला फसवलं. चूक आमची, माझी. हिची नाही, हिच्या बाबांची तर मुळीच नाही. तिने विचारलं ते शहाणपणाने विचारलं, न विचारती तर जिवावर बेतलं असतं. आणि ज्यांच्या फोनात तो आवाज अजून असेल, त्यांनी ऐकायचाच असेल तर शेवटपर्यंत ऐकावा, कारण शेवटी मी एवढंच सांगितलं होतं, की घरातल्या मोठ्या माणसाने तिला लवकर डॉक्टरकडे न्यावं.

सवयीमुळे मी टाळ्यांची नाही तरी निदान एखाद्या हुंकाराची वाट पाहत होते. कोपऱ्यावरची पोरं चपलेने माती उकरत होती. परातवाल्या बाईने मात्र विचारलं, मोठ्यानेच, "मंग नेलं का नाही कोणी तिले डॉक्टरकडं?"

प्रश्न मला होता. मी तोंड उघडलं, पण पल्लवीचे बाबा ओट्याची पायरी उतरून घराच्या उंबऱ्याशी आले होते. त्यांनी लेकीच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्यावर घेतलं.

"मी नेलं," ते म्हणाले, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "गोळ्या चालू आहेत. आता शाळेत नेऊन राहिलो. अजून काही विचारायचं आहे का कोणाले?"